शिबिरांतील गुरुजन

परीक्षा संपल्या, वह्या माळ्यावर गेल्या आणि घरोघरीं नेहमींचा प्रश्न पुन्हां उभा राहिला: या दीड-दोन महिन्यांत मुलांचें करावयाचें काय? एकत्र कुटुंबांत या प्रश्नाला जितकीं माणसें तितकीं उत्तरें असतात. आजोबांच्या मतें मुलांनीं पहाटे उठून स्तोत्रें म्हणावीं व पोहावयास जावें; काकांच्या मतें पुढील इयत्तेचें गणित आतांच उरकून घ्यावें; आणि स्वयंपाकघराचें मत असें कीं, कोठेंहि न्या, पण दुपारपर्यंत घर मोकळें ठेवा! हा शेवटचा पक्षच बहुधा प्रबळ ठरतो आणि मुलें कोणत्या तरी खेळाच्या शिबिरांत दाखल होतात.

खेळाच्या शिबिरांना आमचा विरोध नाहीं. सदनिकेच्या चार भिंतींत वाढणाऱ्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्याला डोळे लावून बसणाऱ्या मुलांना ऊन, माती आणि बरोबरीचीं पोरें यांची ओळख करून देणारें तें एक चांगलें साधन आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्यांची निवड आपण भलत्याच गोष्टींवरून करतों. कोणतेंहि जाहिरातपत्रक उघडून पाहावें. मैदान किती मोठें आहे, गणवेष कोणत्या रंगाचा मिळेल, न्याहारीला काय असेल आणि शेवटच्या दिवशीं कोणत्या नामवंताच्या हस्तें प्रशस्तिपत्रकें वांटलीं जातील, याचें वर्णन तेथें सविस्तर सांपडतें. शिकविणारे कोण, ते किती, आणि त्यांच्यापैकीं कोणी काय करावयाचें, याविषयीं मात्र ‘अनुभवी मार्गदर्शक’ या दोन शब्दांपलीकडे कांहीं नसतें. सोयरीक जुळवितांना आठ गांवांतून चौकशी करणारीं आपण माणसें, पोटचें मूल महिनाभर परक्याच्या स्वाधीन करतांना त्याचें नांवहि विचारीत नाहीं!

या बाबतींत एका अगदीं परक्या खेळाचें उदाहरण आम्ही मुद्दाम घेत आहों. अमेरिकेंत ज्याला नुसतें ‘फुटबॉल’ म्हणतात, त्या खेळांत पायाचें काम थोडें आणि हातांचें व खांद्यांचें फार. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड कवच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें आणि प्रतिपक्षानें अंगावर झेपावून अडवावयाचें, असा त्याचा थोडक्यांत प्रकार आहे. आपल्याकडे तो अजिबात अनोळखी राहिला असेंहि नाहीं. २०११ सालीं ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ या नांवानें त्याच्या सामन्यांची योजना जाहीर झाली. तींत ‘पुणे मराठाज’ नांवाचा संघ होता आणि २०१२ च्या पहिल्या हंगामाचें अजिंक्यपद त्यानेंच मिळविलें. पुढें तो खेळ आपल्या मातींत फारसा रुजला नाहीं. परंतु आम्हांस येथें त्या खेळाशीं कर्तव्य नाहीं. त्याच्या मुलांच्या शिबिरांत शिक्षकवर्गाची जी मांडणी करतात, तिच्याशीं आहे.

चांगल्या शिबिरांत एक मुख्य शिक्षक असतो. त्याच्या हाताखालीं चढाई शिकविणारा एक, बचाव शिकविणारा एक. त्यांच्याहि हाताखालीं प्रत्येक जागेचा वेगळा शिक्षक. चेंडू फेकणाऱ्या मुलाचा गुरु निराळा, धांवत जाऊन झेलणाऱ्यांचा निराळा, आणि पुढच्या फळींत वांकून उभ्या राहणाऱ्या धिप्पाड मुलांचा निराळा. अंगांतील ताकद वाढविण्याचे व्यायाम घेणारा आणखी एक. आणि या सर्वांखेरीज, ज्याला खेळांतील डावपेचांशीं कांहींएक देणें नाहीं, असा एक मनुष्य मैदानाच्या कडेला पाण्याच्या पिंपापाशीं उभा असतो. त्याला तिकडे ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ म्हणतात. नांवावरून तो व्यायाम घेणारा वाटेल. वस्तुतः तो दुखापतींचा जाणकार असतो. कोण लंगडतो आहे, कोणाचा चेहरा पडला आहे, कोण उत्तर देतांना अडखळतो आहे, हें पाहणें एवढेंच त्याचें काम.

एवढीं माणसें एका खेळासाठीं कां, असें कोणीहि विचारील. त्याचें उत्तर त्या खेळाच्या इतिहासांत आहे आणि तें सुखाचें नाहीं. १९०५ च्या हंगामांत हा खेळ खेळतांना सुमारे अठरा जण दगावले. तेव्हांचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मोठमोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना आपल्या निवासस्थानीं बोलावून घेतलें. १९०६ सालीं नियम बदलले, चेंडू पुढें फेकण्यास मुभा मिळाली आणि अंगावर अंग रचून होणारी चेंगराचेंगरी कमी झाली. पुढें १९२९ सालीं फिलाडेल्फियांत मुलांच्या संघांची जी चळवळ सुरू झाली आणि जिला ‘पॉप’ वॉर्नर या नामांकित शिक्षकाचें नांव मिळालें, तिनेंहि आपले नियम वरचेवर कडक केले. २०१२ सालीं तिनें असें ठरविलें कीं, अंगाला अंग भिडविण्याचा सराव एकंदर वेळाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक होतां कामा नये. थोडक्यांत सांगावयाचें तर, ही शिस्त त्या लोकांना शहाणपणानें आगाऊ सुचलेली नाहीं. मुलें गमावून त्यांनीं ती विकत घेतली आहे.

त्या शिस्तीचे दोन नियम आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिला उन्हाचा. त्यांचा सराव भर उन्हाळ्यांत सुरू होतो आणि उष्माघातानें मुलें दगावल्याच्या घटना तेथें वारंवार घडल्या. म्हणून २००९ सालीं तेथील दुखापतीच्या जाणकारांच्या राष्ट्रीय संघटनेनें शाळांसाठीं एक पद्धत घालून दिली. पहिले चौदा दिवस शरीराला उन्हाची संवय होण्याचे समजावे. पहिले दोन दिवस नुसतें शिरस्त्राण. तिसऱ्यापासून पांचव्या दिवसापर्यंत त्याच्या जोडीला खांद्याचें कवच. सहाव्या दिवसापासून पूर्ण पोषाख. पहिले पांच दिवस दिवसांतून एकच वेळ सराव. आणि इतकें करूनहि एकादें मूल तापून कोसळलें, तर तें रुग्णालयांत नेण्यापूर्वीं जागच्या जागीं थंड पाण्यांत बसवावयाचें. आधीं थंड करा, मग हलवा, हें त्यांचें सूत्र. तापलेल्या शरीराचें प्रत्येक मिनिट मोलाचें असतें आणि गाडी येईपर्यंतची मिनिटें फुकट घालविण्याजोगीं नसतात.

दुसरा नियम डोक्याचा. डोक्याला मार बसला, मूल क्षणभर भांबावलें, पण रक्त नाहीं, टेंगूळ नाहीं, अशा वेळीं मूल स्वतः म्हणतें, “मला कांहीं झालेलें नाहीं.” शिक्षकालाहि तो गडी हवा असतो. या दोघांच्या इच्छेवर निर्णय सोडला तर तो नेहमीं एकाच बाजूला झुकतो. म्हणून २००९ सालीं वॉशिंग्टन राज्यानें कायदा केला कीं, मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका आली तरी मुलाला तत्काळ बाहेर काढावें आणि अधिकृत वैद्यकीय जाणकारानें लिहून दिल्याखेरीज त्यास परत खेळूं देऊं नये. २०१४ पर्यंत त्या देशांतील पन्नासहि राज्यांनीं अशा प्रकारचे कायदे केले. यांतील खरें मर्म असें कीं, खेळविण्याचा अधिकार एकाकडे आणि थांबविण्याचा अधिकार दुसऱ्याकडे ठेवला. पिंपापाशीं उभा असलेला तो मनुष्य म्हणाला, “आज तूं बाहेर बस,” कीं मुख्य शिक्षकालाहि त्यावर अपील नाहीं.

अमेरिकेंत सारें आलबेल आहे असा याचा अर्थ नव्हे. तेथेंहि पैशासाठीं भरविलेलीं, एका शिट्टीवर चालणारीं शिबिरें असतात. तेथेंहि आईबाप कडेला उभे राहून मुलांवर ओरडतात. आणि धडकेच्या भीतीनें पुष्कळ घरांनीं आपलीं मुलें त्याच खेळाच्या सौम्य प्रकाराकडे वळविलीं आहेत. त्यांत अंगावर झेपावयाचें नसतें. कमरेला लोंबणारी पट्टी ओढून घेतली कीं गडी अडला असें समजतात. तेथें तिला झेंडा म्हणतात. योगायोग असा कीं, या झेंड्याच्या खेळाला २०२८ च्या लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकांत प्रवेश देण्याचा ठराव आपल्या मुंबईंतच, ऑक्टोबर २०२३ मधील आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनांत, मंजूर झाला.

आतां आपल्या घराकडे वळूं. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें यवत मागें टाकलें कीं भांडगांव लागतें. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, रस्त्यावर अखंड वाहतूक, आणि वैशाखांत सकाळीं नवाच्या सुमारासच डोळ्यांवर हात धरावा लागेल असें ऊन. आमचे एक आप्त तिकडे राहतात. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा मागें एकदां जवळपासच्या एका शिबिरास जात असे. शिबीर कोणाचें हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. साठ मुलें आणि एक शिक्षक. शिक्षक सज्जन, एके काळचा चांगला कबड्डीपटु. तिसऱ्या दिवशीं मुलगा म्हणाला, “गुरुजी, डोकें दुखतें.” गुरुजी म्हणाले, “घाम गेला कीं उतरेल. आणखी एक फेरी मार.” मुलानें फेरी मारली आणि बांधापाशीं तो कोसळला. शेजारच्या वावरांत खुरपणी करणाऱ्या एका बाईनें तें पाहिलें, त्याला बाभळीखालीं ओढलें आणि डोक्यावर, छातीवर घागर उपडी केली. मुलगा दोन दिवसांत बरा झाला. ज्या सूत्राला विद्वानांनीं कागदावर उतरविलें, तें त्या बाईला उपजत ठाऊक होतें, असेंच म्हणावयाचें!

या प्रकरणीं घरांत बराच संताप झाला आणि तो सगळा त्या शिक्षकावर निघाला. आम्हांस तें पटलें नाहीं. एक मूल पडल्यावर त्यानें उरलेल्या एकोणसाठांकडे पाठ फिरवावी कीं पडलेल्याकडे? तोच शिकविणारा, तोच हजेरी घेणारा, तोच पाणी पाजणारा, तोच वैद्य. अशा ठिकाणीं साक्षात् द्रोणाचार्यांना उभें केलें असतें तरी त्यांचीहि अशीच त्रेधा उडाली असती. दोष माणसाचा नव्हता, मांडणीचा होता. आणि ती मांडणी आपणच, फी कमी पडते म्हणून, मुकाट्यानें मान्य केली होती.

ही दृष्टि आपल्याकडे नव्हतीच असें मात्र कोणीं समजूं नये. दौंड-शिरूरकडील गांवोगांवच्या यात्रांत कुस्त्यांचा फड भरतो. पहिल्यानें लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग रुपयांच्या, आणि शेवटीं नांवाजलेल्या मल्लांची मानाची कुस्ती. परंतु कुस्ती लागण्यापूर्वीं जें घडतें तें पाहण्यासारखें असतें. जुने वस्ताद दोन पोरांना खांद्याला खांदा लावून उभे करतात. उंची, मान, मनगट न्याहाळतात, वय विचारतात, आणि जोड बरोबरीची असेल तरच हातांत हात देतात. जोड न मिळालेलें पोर रडवेलें होऊन परत फिरतें; वस्ताद त्याच्या पाठीवर थाप मारतो, पण निर्णय बदलीत नाहीं. पुढें तालमींत, हळद, ताक, तेल घालून मळलेल्या लाल मातींत, कोणीं कोणाशीं लढावयाचें आणि कोणीं आज नुसत्या बैठका काढावयाच्या, हें तोच ठरवितो. थांबविण्याचा अधिकार हा गुरुपणाचाच भाग आहे, हें त्या अल्पशिक्षित वस्तादाला पक्कें ठाऊक होतें. त्याला ठाऊक नव्हतें तें एवढेंच कीं, मेंदूला बसलेला धक्का हात फिरवून कळत नाहीं. मुरगळलेलें मनगट तो पूर्वींहि बसवीत असे. आंतली इजा ओळखावयास दुसरा डोळा हवा.

कामाची वांटणी हीदेखील आपल्याला परकी नाहीं. तुकोबांची पालखी यवतेहून वरवंडाकडे जातांना याच रस्त्यानें जाते. कोणतीहि शिस्तीची दिंडी पाहावी. वीणा घेणारा वीणाच घेतो, पाणी पाजणारा पाणीच पाजतो, स्वयंपाकाचीं माणसें पुढें जाऊन चूल मांडतात. वीणेकऱ्यानेंच घागर उचलावी आणि त्यानेंच भाकरी भाजावी अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. मग मुलांच्या शिबिरांतच एका मनुष्याकडून ती कां करावी?

शिक्षक घडवावा लागतो, हें आपल्या पूर्वसूरींनींहि ओळखलें होतें. हॅरी क्रो बक नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढलें. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. उन्हाळी वर्ग भरवून शिक्षक तयार करण्याचें काम त्या संस्थेनें स्वातंत्र्यापूर्वींच हातीं घेतलें होतें, आणि १९३६ सालीं बर्लिन येथें तिच्या पथकानें आपल्या देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. पुण्यांत महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासूनचें. मुंबई सरकारनें १९३८ सालीं कांदिवलीस शारीरिक शिक्षणाची शिक्षणसंस्था काढली, आणि पतियाळ्याची राष्ट्रीय क्रीडासंस्था १९६१ मध्यें सुरू झाली. म्हणजे विद्या आहे, शिकलेलीं माणसेंहि आहेत. आपण त्यांची चौकशी करीत नाहीं, इतकेंच.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. मोठा खेळाडू तोच मोठा शिक्षक, असें आपण धरून चालतों. शिवाजी पार्कवर ज्यांनीं सचिन तेंडुलकरांसारखे शिष्य घडविले, ते रमाकांत आचरेकर स्वतः पहिल्या दर्जाचा सामना अवघा एकच खेळले होते. पण १९९० सालीं द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो त्यांना. ज्या गुरूनें शिष्याचा अंगठा मागून घेतला त्याच्या नांवानें हा पुरस्कार असावा, ही गंमत सोडून देऊं. पण शिकविण्याची कला खेळण्याच्या कलेहून वेगळी आहे, एवढें यावरून दिसतें. पत्रकावरील नामवंताचें चित्र पाहून हुरळून जाण्यापूर्वीं हें ध्यानांत ठेवावें.

यावर घरांतील वडील मंडळी म्हणतील, “आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें. आम्ही विहिरींत उड्या मारल्या, उन्हांत विटीदांडू खेळलों, आणि ठणठणीत राहिलों.” त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु तेव्हांचीं मुलें फाल्गुनापासून उन्हांतच असत. त्यांच्या शरीराला संवय आपोआप होई. दमलें तर मूल आपल्या पायांनीं घरीं येई. त्याला ‘आणखी एक फेरी मार’ म्हणणारें तेथें कोणी नसे. दहा महिने पंख्याखालीं काढून वैशाखांत एकदम मैदानावर उतरलेलें, आणि परक्या मोठ्या माणसाच्या आज्ञेंत असलेलें मूल, ही गोष्टच वेगळी. तें आपण होऊन थांबत नाहीं, कारण थांबणें म्हणजे हरणें असें त्याला वाटतें.

म्हणून फी भरण्यापूर्वीं कर्त्या माणसानें कांहीं गोष्टी समक्ष जाऊन विचाराव्या. किती मुलांमागें एक शिक्षक? लहानमोठीं मुलें एकाच गटांत भिडवितात कीं वयामानानें? पहिल्या आठवड्यांत सराव किती वेळ, आणि ऊन चढण्यापूर्वीं तो संपतो ना? पाणी मागावें लागतें कीं ठरल्या वेळीं सर्वांना दिलें जातें? सांवली कोठें आहे? मूल पडलें तर पहिला हात कोण लावणार, आणि त्या मनुष्याला त्या दिवशीं दुसरें काम आहे कीं काय? या प्रश्नांना खर्च फारसा नाहीं. भांडगांवासारख्या ठिकाणीं अमेरिकेंतला पगारी जाणकार कोठून येणार, हें आम्हांसहि समजतें. पण प्रथमोपचार शिकलेली एक बाई किंवा निवृत्त शिक्षक, पाण्यानें भरलेली एक मोठी टाकी, थोडा बर्फ, आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनि भिंतीवर मोठ्या अक्षरांत, इतकें कोणत्याहि गांवाला जमेल. त्या माणसाचा शब्द शेवटचा, एवढें मात्र पहिल्याच दिवशीं सर्वांदेखत ठरलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे. पण नाजूक म्हणून न बोलण्यानेंच तिनें पुष्कळ घरांत दुःख आणलें आहे. मुलगा असो कीं मुलगी, कोणतेंहि मूल एका मोठ्या माणसाबरोबर दृष्टीआड एकटें राहूं नये, असा दंडक शिबिरानें पाळावा. अमेरिकेंत २०१८ च्या कायद्यानें हौशी क्रीडासंस्थांना असे प्रसंग मर्यादित ठेवण्याचें बंधन घातलें आहे. आपल्याकडे २०१२ च्या बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यानें, विश्वासाच्या व अधिकाराच्या जागेवरील माणसाचा असा अपराध अधिक गंभीर मानला आहे, आणि तो ठाऊक असून न कळविणें हाहि गुन्हाच ठरविला आहे. मुलींच्या गटाबरोबर एक तरी स्त्री शिक्षिका असावी. भल्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाहीं. आला तर तेंहि आपल्याला कांहीं सांगून जातें.

शेवटीं घरच्या माणसांचेंहि एक कर्तव्य उरतें, आणि तें सर्वांत अवघड आहे. एके दिवशीं मूल तोंड पाडून घरीं येईल आणि म्हणेल, “मला आज खेळूं दिलें नाहीं, बाहेर बसविलें.” अशा वेळीं, आपण पैसे भरले आहेत आणि आपल्या मुलाला कमी लेखलें, अशा समजुतीनें शिक्षकाला जाब विचारावयास धांवूं नये. कां बसविलें तें शांतपणें विचारून घ्यावें. मुलाला ताक द्यावें, दुपारीं झोपूं द्यावें, डोकें दुखत असेल किंवा ओकारी येत असेल तर डॉक्टरांकडे न्यावें, आणि बरें असेल तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां धाडावें. ज्यानें त्याला बाहेर बसविलें त्याचें नांव मात्र घरांतल्या सर्वांना ठाऊक असावें; पुढच्या उन्हाळ्यांत शिबीर निवडतांना त्या नांवाचा उपयोग होईल.